शंभरावा हात

त्या नोव्हेंबरात डॉक्टर सैशसना शंभर हात हवे होते.
विन्यायशच्या आरोग्यकेंद्रात, पाववाल्याच्या भिंतीला लागून,
मी वही घेऊन बसले. काम सोपं:
नाव, वय, धंदा, आणि पंधरा मिनिटांनंतर
किती मिलिमीटर.

कोपराखालच्या मऊ कातडीवर दोन थेंब.
एक हिस्टमिनचा. तो सगळ्यांनाच उठतो,
कातडी जागी आहे एवढंच सांगायला.
दुसरा रबराच्या चिकाचा.
टोच. मग घड्याळाकडे बघत बसायचं.

पुस्तकं सांगतात शंभरात एखादा, डॉक्टर म्हणाले,
कुणी त्याहून कमी सांगतं, कुणी जास्त;
आपल्या डोंगरात किती, ते कुणी विचारलंच नाही.

आले मग एकेक: शवपेट्या करणारा सुतार,
दोघी बहिणी, तिसरी सुई बघून रडेल म्हणून
तिला घरी ठेवून आलेल्या,
पाद्री, ज्यांनी बाही वर करताना उगाच माफी मागितली,
बस चालवणारा झुल्मीरु, अंगाला टायरांचा वास,
त्याच्यावर माझी पैज होती.
कोरा.
सगळेच कोरे. दुसऱ्या थेंबाखाली
कुणाच्याच हाताला काही म्हणायचं नव्हतं.

टोचत होती देओलिंदा.
बावीस वर्षं परिचारिका. हात
मनगटापर्यंत लाल, त्याच्यावर पांढरे,
कुणी तिथवरच बुडवून काढल्यासारखे.
हातमोजा ओढला की पावडर उडायची,
खिडकीतल्या उन्हात तरंगत राहायची,
आणि ती तोंड वळवून सात-आठदा शिंकायची.
"सर्दी," म्हणायची. बारमाही सर्दी.
रात्री गार दुधात हात बुडवून बसते,
हे मला तिच्या नवऱ्याने सांगितलं,
तिने नाही.

नव्याण्णव झाले. शंभरावा अदेरितु, मेंढपाळ.
वरच्या गावात बर्फ पडलं, तो आला नाही.
डॉक्टरांना पाचची बस.
देओलिंदाने बाही वर केली
आणि स्वतःच स्वतःला टोचलं.

पंधरा मिनिटं थांबावं लागलं नाही.
चौथ्याच मिनिटाला गांध उठली,
कडा फाटलेल्या, नकाशातल्या बेटासारखी.
मी पट्टी लावली. अकरा.
लिहिलं, अकरा.

डॉक्टर बराच वेळ बघत राहिले.
मग ती ओळ त्यांनी खोडली,
रागाने नाही, पट्टी धरून, सरळ.
"ही मोजणी सर्वसामान्य माणसांची," म्हणाले,
"आणि तुम्ही, देओलिंदा,
सर्वसामान्य नाही."
ती हसली. जन्मात पहिल्यांदाच
तिला कुणी असं म्हणालं असावं.

अहवाल गेला: नव्याण्णवात शून्य.
अशी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, म्हणतात ना.
कुणाच्या बोटांवर,
ते कुणी म्हणत नाही.

तीन दिवसांनी अदेरितु आला, बुटांना चिखल.
"माझा हात राहिला," म्हणाला.
मोजणी संपली, मी सांगितलं.
तरी बाही वरच ठेवून उभा.
खिशातून भाजलेले चेस्टनट काढले, अजून कोमट,
मला दिले, देओलिंदापुढे धरले.
"नको, जिभेला मुंग्या येतात," ती म्हणाली,
आणि त्याच्यासाठी मोजे चढवायला घेतले,
आणि शिंकली.

त्याने तिचे हात पाहिले,
मोज्यांचं खोकं पाहिलं,
पुन्हा हात.

"माझ्यातही आहे एक तशी," म्हणाला.
"सगळ्यांना चालतं ते तिला चालत नाही.
कळपात दिसत नाही पटकन.
जवळ बसावं लागतं."

"मग काय करता तिचं?" मी विचारलं.

"काय करणार," अदेरितु म्हणाला,
"तिला वेगळं चारतो."